गोळ्यांचा डबा एकदा उघडून बघा

आमच्या घरी किराण्याची यादी मी करते. साखर, तूरडाळ, शेंगदाणे, साबुदाणा, धुण्याचा साबण, आणि गेली चार वर्षं न चुकता सगळ्यात शेवटी ‘आईंची गोळी’. कोणती, किती मिलिग्रॅमची, कशासाठी, यातलं काहीच लिहावं लागत नसे. औषधाच्या दुकानातला मुलगा मला बघितलं की विचारायचा, “एक स्ट्रिप की दोन?” मी म्हणायची, “दोनच दे बाबा, परत खेप नको.”

या वाक्याची आज मला लाज वाटते. म्हणूनच नेहमीचा विषय बाजूला ठेवून या वेळी दुखण्याच्या गोळीबद्दल लिहिते आहे.

सासूबाईंचे गुडघे दुखतात. चार वर्षांपूर्वी एकदा फारच ठणकले, तेव्हा डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. गुण आला. पाच दिवस संपले, पण गोळी संपली नाही. थंडी पडली की घ्यायची, लग्नकार्य असलं की घ्यायची, मग रोजच सकाळी चहाबरोबर घ्यायची. पुढे दोन वर्षांनी त्यांना हृदयाचा थोडा त्रास झाला. त्या डॉक्टरांनी रक्त पातळ राहावं म्हणून अॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू केली. गुडघ्याची गोळी त्यांना कुणी सांगितली नाही. “ती काय औषध आहे का? ती तर दुखण्याची गोळी!” असं आम्हाला सगळ्यांनाच वाटत होतं.

श्रावणात त्यांचे सोमवार, शनिवार आणि एकादशी. सकाळी सहाला चहा आणि गोळी, मग पूजा, आणि तोंडात पहिला घास दुपारी दीड वाजता. गणपतीत त्या जिना चढताना मध्येच टेकायला लागल्या. आम्ही म्हटलं, वय झालं. नवरात्रात चेहरा पांढुरका दिसायला लागला. आम्ही म्हटलं, उपास झेपत नाहीत. आठव्या माळेला पहाटे न्हाणीघराच्या दारातच त्या चक्कर येऊन बसल्या. दवाखान्यात नेल्यावर कळलं की चार दिवस शौचाला काळं, डांबरासारखं होत होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. “असल्या गोष्टी काय सांगायच्या?” असं त्या मला नंतर म्हणाल्या. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहावर आलेलं. दुर्बिणीतून बघितलं तर जठरात अल्सर आणि त्यातून रक्त झिरपत होतं. दोन बाटल्या रक्त द्यावं लागलं.

मी डॉक्टरांना विचारलं, “एवढी जखम होती, मग पोटात दुखलं कसं नाही?”

ते म्हणाले, “वहिनी, दुखणं दाबायची गोळीच तर त्या रोज घेत होत्या.”

आता सासूबाई बऱ्या आहेत. पण त्या दिवशी घरी येऊन मी आमचा औषधांचा डबा पलंगावर उपडा केला. जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा, तुमच्याही घरी असेलच. त्यात निघालं काय काय ते सांगते. पण त्याआधी ही गोळी पोटाशी का भांडते, ते समजून घेऊ.

गोळीचं आणि पोटाचं भांडण

आपल्या जठरात अन्न पचवायला आम्ल असतं, तेही चांगलं जहाल. मग ते जठरालाच का जाळत नाही? कारण आतून एक बुळबुळीत आवरण असतं आणि त्याखालच्या अस्तराला सतत रक्ताचा पुरवठा होत असतो. हे आवरण तयार करायला आणि रक्त पोहोचवायला शरीर एक द्रव्य वापरतं, त्याचं नाव प्रोस्टाग्लॅन्डिन.

गंमत अशी की गुडघा सुजतो, दाढ ठणकते, पाळीत ओटीपोटात कळा येतात, तिथेही ही प्रोस्टाग्लॅन्डिनंच असतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन यांसारख्या गोळ्या ती तयार होऊ देत नाहीत, म्हणून दुखणं थांबतं. हे कोडं इंग्लंडमधल्या जॉन व्हेन या शास्त्रज्ञाने १९७१ साली उलगडलं आणि त्याबद्दल त्यांना १९८२ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. पण गोळीला गुडघा कोणता आणि जठर कोणतं हे कळत नाही. ती रक्तातून सगळीकडे जाते. गुडघ्यातली आग विझवताना जठराचं पांघरूणही काढून घेते.

आपण म्हणतो, झणझणीत खाल्लं की अल्सर होतो. मिसळ खाल्ल्यावर जळजळ होईल, पण अल्सरची मुख्य कारणं दोनच. एक म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचे जंतू. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना त्या शोधाबद्दल २००५ साली नोबेल मिळालं. आणि दुसरं कारण म्हणजे या दुखण्याच्या गोळ्या. तेव्हा भाजीतली मिरची कमी करून रोज सकाळी गोळी घेत राहिलो, तर चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखं होईल.

डब्यात काय निघालं?

आमच्या डब्यातून सात स्ट्रिपा निघाल्या. नावं सात, पण आतलं औषध बघितलं तर जाती दोनच.

पहिली जात पॅरासिटॅमॉलची. नेहमीची क्रोसिन, कॅलपॉल, डोलो ६५० या गोळ्या म्हणजे पॅरासिटॅमॉलच. ताप आणि साधी अंगदुखी-डोकेदुखी यांवर चालते, आणि नेहमीच्या मात्रेत जठराला सहसा त्रास देत नाही. म्हणून घरात पहिला हात हिच्याकडे जायला हवा. मात्र सूज उतरवायचं काम ती फारसं करत नाही.

दुसरी जात सूज उतरवणाऱ्या गोळ्यांची. ब्रूफेन म्हणजे आयबुप्रोफेन. व्होवेरान म्हणजे डायक्लोफेनॅक. झेरोडॉल म्हणजे असिक्लोफेनॅक. पाळीच्या दुखण्यावर मुली घेतात त्या मेफ्टाल स्पासमध्ये मेफेनॅमिक अॅसिड असतं. डिस्प्रिन म्हणजे अॅस्पिरिन, आणि हृदयाच्या रुग्णांना देतात ती इकोस्प्रिनही अॅस्पिरिनच, फक्त मात्रा कमी. पोटाचं भांडण आहे ते या जातीशी.

काही गोळ्यांत दोन्ही जाती एकत्र असतात. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटॅमॉल ३२५ मिलिग्रॅम असतं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटॅमॉल मिसळलेलं असतं. त्यामुळे होतं काय, की सकाळी तापाची एक, दुपारी सर्दीची एक, रात्री अंगदुखीची एक, असं करता करता तीन वेगळी औषधं घेतली असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात एकच औषध तिप्पट पोटात गेलेलं असतं. पॅरासिटॅमॉल पोटाला सौम्य असलं तरी जास्त झालं तर यकृताची कायमची हानी करतं, आणि पहिल्या दिवशी त्याचा काही पत्ताही लागत नाही.

म्हणून स्ट्रिपवरचं मोठ्या अक्षरातलं नाव वाचून थांबू नका. त्याखाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात. चष्मा लावा, नाहीतर मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघा, किंवा दहावीतल्या मुलाला वाचायला लावा. एका वेळी दुसऱ्या जातीची एकच गोळी, हा नियम स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. ब्रूफेनने गुण आला नाही म्हणून तासाभराने व्होवेरान घेतली, तर गुण दुप्पट होत नाही, पोटाचा धोका मात्र वाढतो.

रिकामं पोट, दूध आणि इंजेक्शन

या बाबतीत आपल्याकडे तीन समजुती आहेत.

‘जेवून घेतली की काही होत नाही.’ हे अर्धंच खरं आहे. जेवणानंतर घेतली तर जळजळ, मळमळ कमी होते, म्हणून ही गोळी जेवूनच घ्यायची. पण मघाशी सांगितलं तसं, गोळी रक्तातूनही जठराचं आवरण कमी करते. तेव्हा पोटभर जेवून रोज घेतली तरी महिनोन् महिने घेत राहिल्यावर अल्सर होऊ शकतो. जेवण म्हणजे वर्षभर गोळी खायचा परवाना नव्हे.

‘इंजेक्शन घेतलं की पोटाला त्रास नाही.’ हेही खरं नाही. कमरेत टोचलं तरी औषध रक्तातच जातं आणि तिथून जठरात पोहोचतं. त्यातल्या त्यात पोटाला सुखाचं म्हणजे गुडघ्यावर किंवा मनगटावर लावायचं डायक्लोफेनॅकचं मलम. त्यातलं औषध रक्तात फारच थोडं जातं. दुखणं एक-दोन सांध्यांपुरतं असेल तर गोळीआधी मलमाबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

‘बरोबर अॅसिडिटीचं पातळ औषध घेते ना मी!’ त्या गुलाबी-पांढऱ्या औषधाने जळजळ थांबते, जखम व्हायची थांबत नाही. उलट सूचना देणारी घंटाच बंद होते. ज्यांना ही गोळी फार दिवस घ्यावीच लागते त्यांना डॉक्टर ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी जोडीला देतात. ती नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायची असते, चहा-पोहे झाल्यावर नाही. तिचा जठराला खरा उपयोग होतो. पण ती मूत्रपिंडाला वाचवत नाही, आणि तीही आपल्या मनाने वर्षानुवर्षं घ्यायची वस्तू नाही.

आता आपल्या बायकांच्या रिकाम्या पोटाबद्दल. घरात सगळ्यात आधी उठते ती आणि सगळ्यात शेवटी जेवते ती, कोण ते सांगायला नकोच. सकाळी कंबर धरली की चहाबरोबर गोळी, मग डबे, शाळा, पाणी, कुकर, आणि पहिला घास सगळ्यांची ताटं झाल्यावर. मैत्रिणींनो, चहा म्हणजे जेवण नव्हे. गोळी घ्यायचीच असेल तर आधी एक पोळी-भाजी, वाटीभर उपमा, निदान गार दूध आणि केळं पोटात जाऊ दे. स्वतःला आधी वाढून घेतलं तर आभाळ कोसळत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

उपास असेल तर? उपास सोडा असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी गोळी घ्यायची तर राजगिऱ्याच्या लाह्या आणि दूध, केळं, शिंगाड्याची लापशी असं काहीतरी खाऊन मगच घ्या. निर्जळी उपासाच्या दिवशी मात्र ही दुसऱ्या जातीची गोळी नकोच. शरीरात पाणी कमी असताना ती मूत्रपिंडावर ताण आणते. उलट्या-जुलाब होत असतानाही हेच लक्षात ठेवा.

मूत्रपिंडाचं नाव काढलं म्हणून सांगते. आपल्या देशातली गिधाडं लाखोंनी नाहीशी झाली, त्याचं कारण डायक्लोफेनॅक. गुराढोरांना ते औषध टोचत, मेलेल्या जनावराचं मांस गिधाडं खात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरत. म्हणून २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर सरकारने बंदी घातली. माणसाचं मूत्रपिंड गिधाडाइतकं नाजूक नाही, हे आपलं नशीब. पण म्हणून ते दगडाचंही नाही.

यांनी आधी विचारायलाच हवं

धडधाकट बाईने दाढ दुखली म्हणून दोन दिवस आयबुप्रोफेन घेतली तर सहसा काही होत नाही. उगाच घाबरून जाऊ नका. पण पुढच्या मंडळींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसऱ्या जातीच्या गोळीला हात लावू नये.

• साठ-पासष्टी उलटलेली माणसं, आणि ज्यांना पूर्वी कधी अल्सर झाला होता किंवा पोटातून रक्त गेलं होतं ते.

• हृदयासाठी अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी घेणारे. आमच्याकडे घात झाला तो इथेच. मात्र हा लेख वाचून हृदयाची अॅस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नका, ते जास्त धोक्याचं आहे.

• दमा असलेले. काहींना या गोळ्यांनी एकाएकी धाप लागते.

• रक्तदाबाच्या आणि लघवी होण्याच्या गोळ्या घेणारे, मधुमेहामुळे मूत्रपिंड कमजोर झालेले, आणि स्टिरॉइड चालू असलेले.

• गरोदर सुना-लेकी. पाचव्या महिन्यापासून पुढे तर या गोळ्या बाळाच्या मूत्रपिंडाला आणि हृदयाला अपाय करू शकतात. त्याआधीही डॉक्टरांना विचारूनच.

• मुलं. सोळा वर्षांखालच्या मुलाला तापात अॅस्पिरिन देऊ नये. नायमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे. जुनी बाटली घरात असेल तर टाकून द्या.

• आणि पावसाळ्यातला ताप. तो डेंग्यूचा निघाला तर आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिनने रक्तस्राव वाढू शकतो. तेव्हा कारण कळेपर्यंत फक्त पॅरासिटॅमॉल.

घ्यायची रीत

पॅरासिटॅमॉल ५०० मिलिग्रॅमची असेल तर मोठ्या माणसाने एका वेळी एक, फार तर दोन गोळ्या घ्याव्यात. दोन वेळांत सहा तासांचं अंतर ठेवलेलं बरं. दिवसाची कमाल मर्यादा आठ गोळ्या, म्हणजे ४ ग्रॅम, अशी सांगतात. पण घरच्या घरी सहांच्या पुढे जाऊच नये. ६५० ची असेल तर दिवसात चार पुरे. अंगाने फार बारीक असलेल्यांनी, यकृताचा आजार असलेल्यांनी आणि ज्या घरात पुरुषमाणूस रोज ‘घेतो’ त्याने तर आणखी कमी, डॉक्टर सांगतील तेवढीच.

आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅमची घेतली तर जेवणानंतर, दिवसात तीनपेक्षा जास्त नाही आणि आपल्या मनाने सलग तीन दिवसांपेक्षा जास्त नाही. तीन दिवसांत दुखणं हटलं नाही तर ते दाबायचं नव्हे, दाखवायचं दुखणं आहे.

गोळी बसून किंवा उभं राहून, पेलाभर पाण्याबरोबर घ्या. एका घोटात गिळून लगेच आडवं झालं की गोळी अन्ननलिकेतच चिकटून तिथे जखम करू शकते. घेतल्यावर अर्धा तास तरी पाठ टेकू नका. डिस्प्रिन पाण्यात पूर्ण विरघळवून मगच प्यायची. पण वरून गुळगुळीत लेप दिलेल्या काही गोळ्या जठर ओलांडून पुढे विरघळाव्यात म्हणून तशा केलेल्या असतात. त्या मोडायच्या किंवा कुटायच्या नाहीत. कोणती मोडायची, कोणती नाही, हे दुकानदाराला विचारून घ्या. आणि ज्या स्ट्रिपवर लाल उभी रेघ असते ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची असते, तो मुलगा ‘एक की दोन’ विचारत असला तरी.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

शौचाला डांबरासारखं काळं, चिकट आणि घाण वासाचं होणं. उलटीत रक्त, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही पडणं. पोटात एकदम असह्य दुखून पोट लाकडासारखं कडक होणं. चक्कर, गार घाम, डोळ्यांपुढे अंधारी. यातलं काहीही झालं तर दुखण्याची गोळी तिथल्या तिथे बंद आणि रात्र असो की दिवस, तडक इस्पितळात. जाताना सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या.

रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळपट-हिरवट होतं, हे खरं. पण ते डांबरासारखं चिकट आणि तसं घाण वासाचं नसतं. शंका आली तर ‘लोहामुळेच असेल’ असं स्वतःच ठरवू नका.

आणि सगळ्यात फसवी खूण म्हणजे नुसता थकवा. थोडं थोडं रक्त जात राहिलं तर पोट दुखतच नाही. माणूस नुसता पांढरा पडतो, धापा टाकतो, आणि घरचे म्हणतात, वय झालं. रोज गोळी घेणारं माणूस घरात असेल तर ‘वय झालं’ म्हणण्याआधी एकदा हिमोग्लोबिन तपासा.

तुमची पत्रं

*“पाळीत पहिले दोन दिवस माझ्या मुलीला उभं राहवत नाही. सासूबाई म्हणतात सोसायला शिकव. गोळी द्यावी की नाही?”* (एक भगिनी, इचलकरंजी)

जरूर द्यावी. सोसण्यात काही पुण्य नाही. पाळीच्या कळा प्रोस्टाग्लॅन्डिनमुळेच येतात, त्यामुळे इथे आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अॅसिड खरोखर उपयोगी पडतं. डॉक्टरांना एकदा दाखवून मात्रा ठरवून घ्या, खाऊनच द्या आणि दोन-तीन दिवसांत थांबा. जोडीला गरम पाण्याची पिशवी असू द्या. गोळीने अंगावर पुरळ, ताप असं काही आलं तर लगेच बंद करा. मेफेनॅमिक अॅसिडच्या अशा गंभीर त्रासाबद्दल २०२३ साली सरकारी इशाराही निघाला होता. आणि दुखणं महिन्यागणिक वाढत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच.

*“माझं डोकं जवळजवळ रोज दुखतं. गोळी घेतली की दोन-चार तास बरं वाटतं, मग परत सुरू. गोळी बदलू का?”* (एक भगिनी, अकोला)

बाई, कदाचित गोळीच डोकं दुखवत असेल! महिन्यात पंधरा दिवसांहून जास्त साध्या गोळ्या, किंवा दहा दिवसांहून जास्त मिश्र गोळ्या असं तीन महिने चाललं, तर गोळी उतरली की डोकं दुखायला लागतं आणि माणूस पुन्हा गोळी घेतो. कॅलेंडरवर गोळी घेतलेल्या दिवसावर फुली मारा. महिनाभराने ते कॅलेंडरच डॉक्टरांपुढे ठेवा. डोळ्यांचा नंबर आणि रक्तदाबही तपासून घ्या.

*“शेजारणीने सांध्यांसाठी एक पुडी दिली आहे. जडीबुटीची आहे म्हणते, पण गुण अगदी तासाभरात येतो. पोटाला चालेल ना?”* (एक भगिनी, बार्शी)

तासाभरात गुण येतो म्हणूनच मला शंका येते. नाव-गाव, घटक काहीही न छापलेल्या अशा पुड्यांत स्टिरॉइड किंवा दुखण्याची गोळी कुटून घातलेली अनेकदा सापडली आहे. ज्यावर नाव नाही ते पोटात नको. पण बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना दाखवा, कारण स्टिरॉइड अचानक सोडणंही धोक्याचं असतं.

आता डबा काढा

सासूबाईंची गुडघ्याची गोळी बंद झाली, पण गुडघे तर आहेतच. आता त्या मलम लावतात, फारच दुखलं तर डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटॅमॉल घेतात, आणि टीव्हीपुढे बसल्या बसल्या पाय सरळ वर उचलून धरायचा व्यायाम करतात. जमिनीवरचा पाट जाऊन खुर्ची आली. दुखणं पूर्वीइतकं झटकन थांबत नाही, हे त्या बोलूनही दाखवतात. पण या वर्षी जिना चढताना मध्ये टेकल्या नाहीत.

आमच्या डब्याच्या झाकणावर मी आतून एक कागद चिकटवला आहे. घरात कोण कोणती गोळी रोज घेतं, आणि डब्यातली कोणती कुणाला चालत नाही, एवढंच त्यावर आहे. डॉक्टरांकडे जाताना त्याचा फोटो दाखवते. तुमच्या घरीही आज दुपारची झाकपाक झाली की डबा काढा. मुदत संपलेल्या आणि नाव फाटलेल्या गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा टाकून द्या. उरलेल्यांवरची बारीक अक्षरं वाचा. मग घरातल्या मोठ्या माणसाजवळ बसून सहज विचारा, “आई, दिवसातून किती घेता हो गोळ्या?” आणि त्या “एखादी घेते गं” म्हणाल्या, तर स्ट्रिपा मोजून बघा.

हे सगळं किराण्याच्या यादीत कुठेच येत नाही. पण यादी करणारी तुम्हीच आहात, म्हणून तुम्हालाच सांगितलं.